चिक चॉकलेट यांचे ट्रम्पेट आणि उपनगरांतील चित्रपटसंगीत

१. प्रश्नाचे स्वरूप

मुंबईच्या सांस्कृतिक इतिहासात जॅझ या संगीतप्रकाराचा उल्लेख सामान्यतः दक्षिण मुंबईच्या संदर्भात होतो. ताजमहाल हॉटेलचे नृत्यगृह, चर्चगेटची उपाहारगृहे, धोबीतलावच्या परिसरातील गोवेकरांचे ‘कूड’ या स्थळांभोवती ही कथा फिरत राहते आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस ती संपली असे मानले जाते. या मांडणीत एक मोठी उणीव आहे. रात्री हॉटेलात वाजविणारे वादक दिवसा कोठे असत, त्यांच्या कलेचे टिकाऊ फलित कोठे शिल्लक राहिले, हा प्रश्न तीत उपस्थितच होत नाही. तो उपस्थित केल्यास दृष्टी माहीमच्या खाडीपलीकडे, म्हणजे गोरेगाव, मालाड, अंधेरी आणि चेंबूर येथील चित्रशाळांकडे वळते.

या दृष्टीने आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट यांचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. त्यांचा जन्म १९१६ मध्ये गोव्यातील बारदेश तालुक्यात हळदोणे येथे झाला व मृत्यू १९६७ मध्ये. ‘भारताचे लुई आर्मस्ट्राँग’ हे बिरुद त्यांना त्यांच्या हयातीतच लाभले. परंतु बिरुद हे अनेकदा विचाराला पूर्णविराम देते. कोणा एकाला दुसऱ्याची प्रतिकृती ठरविले की त्याच्या स्वतःच्या कार्याचे मोजमाप करण्याची गरज उरत नाही. प्रस्तुत निबंधात चिक चॉकलेट यांचे वाद्य, त्या वाद्याचे येथील शिक्षण, त्यास मिळालेला व्यवसाय आणि त्याच्या स्वरांना चित्रपटगीतात मिळालेले स्थान यांचा क्रमाने विचार करून त्यांच्या वारशाचे नेमके स्वरूप ठरविण्याचा प्रयत्न केला आहे.

२. वाद्याची रचना व तिचे परिणाम

ट्रम्पेट हे वरकरणी साधे वाद्य आहे. पितळेची सुमारे साडेचार फूट लांबीची नळी, एका टोकास पेल्याच्या आकाराचे मुखपात्र व दुसऱ्या टोकास घंटेसारखे रुंदावणारे तोंड, एवढीच त्याची मूळ घडण. या नळीत नुसती फुंकर घातल्याने स्वर उमटत नाही. वादकाच्या ओठांचा कंप हाच तेथे ध्वनीचा उगम असतो. ओठांचा ताण व श्वासाचा वेग बदलून एकाच लांबीच्या नळीतून निसर्गसिद्ध स्वरमालिकेतील निरनिराळे स्वर काढता येतात. मात्र या मालिकेच्या खालच्या भागात दोन स्वरांमधील अंतर मोठे असते. त्यामुळे जुने ट्रम्पेट हे मुख्यतः इशाऱ्याचे व मिरवणुकीचे वाद्य होते आणि त्या अर्थी ते आपल्या तुतारीचेच भावंड होय.

एकोणिसाव्या शतकात या मर्यादेवर उपाय निघाला. १८१८ मध्ये जर्मनीत श्टोल्झेल व ब्लूमेल यांनी झडपेच्या यंत्रणेचे स्वामित्व घेतले आणि १८३९ च्या सुमारास पॅरिसमध्ये पेरिने यांनी तिला आज प्रचलित असलेल्या दट्ट्याचे रूप दिले. दट्ट्या दाबला की हवेचा मार्ग नळीच्या एका अधिक वेटोळ्यातून जातो व नळीची लांबी तेवढी वाढते. पहिल्या दट्ट्याने स्वर एका पूर्ण स्वरांतराने उतरतो, दुसऱ्याने अर्ध्या आणि तिसऱ्याने दीड. या तिहींच्या जुळणीतून सात लांब्या सिद्ध होतात व बाराही स्वर वादकाच्या हाती येतात. तथापि दोन वा तीन दट्ट्ये एकत्र दाबले असता स्वर किंचित चढा लागतो आणि तो ओठांनी किंवा सरकत्या नळीने उतरवावा लागतो. याचा अर्थ असा की ट्रम्पेटमध्ये स्वर तयार स्थितीत मिळत नाही. पेटीच्या पट्टीप्रमाणे बोट ठेवले की तो नेमका उमटेल, असे तेथे घडत नाही. वादकाचा कान हाच त्या वाद्याचा अखेरचा भाग असतो.

भारतीय श्रवणाच्या दृष्टीने या रचनेचा एक परिणाम महत्त्वाचा आहे. दट्ट्या पूर्ण न दाबता अर्धाच दाबून धरला व ओठांचा ताण हळूहळू बदलला, तर एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येते. जॅझमध्ये ही क्रिया विलापाचा वा विनोदाचा परिणाम साधण्यासाठी योजिली जाते. मींडेची सवय असलेल्या कानाला ती परकी वाटत नाही. शिवाय तोंडावर बसविण्याचे निरनिराळे ‘म्यूट’ वापरून त्याच वाद्यातून तीक्ष्ण, दबका, अनुनासिक किंवा बोलका असा ध्वनी काढता येतो. युद्धघोषापासून कुजबुजीपर्यंतचा हा पल्ला लक्षात घेतला म्हणजे मुंबईच्या संगीतदिग्दर्शकांना या वाद्याचे आकर्षण का वाटले, हे स्पष्ट होते.

३. आर्मस्ट्राँग यांचा आदर्श

लुई आर्मस्ट्राँग (१९०१–१९७१) यांनी न्यू ऑर्लिन्स येथे कॉर्नेट या जवळच्या वाद्यापासून आरंभ केला आणि १९२० च्या दशकात ते ट्रम्पेटकडे वळले. १९२५ ते १९२८ या काळातील त्यांच्या ध्वनिमुद्रिकांनी जॅझची घडणच बदलली. तोपर्यंत वृंदातील सर्वांचे एकत्र वादन हे प्रधान होते. आर्मस्ट्राँग यांनी एकल वादकाला कथनकाराचे स्थान दिले. तालाच्या किंचित मागे रेंगाळणे, दीर्घ स्वराच्या अखेरीस त्यास कंप देणे, खालून झेप घेऊन वरच्या स्वरावर आदळणे आणि वादनात मानवी बोलण्याची लय आणणे ही त्यांच्या शैलीची ठळक लक्षणे होत.

ही शैली मुंबईस दोन मार्गांनी आली. पहिला मार्ग ध्वनिमुद्रिकांचा व दुसरा प्रत्यक्ष वादकांचा. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला. पुढे क्रिकेट स्मिथ हे ट्रम्पेटवादक व टेडी वेदरफोर्ड हे पियानोवादक यांनी तेथे नेतृत्व केले. स्वदेशात वर्णभेदाने गांजलेल्या या कलावंतांना मुंबईत तुलनेने अधिक मान व स्थिर उत्पन्न मिळाले. त्यांच्यासमवेत बसून वाजविण्याची संधी गोमंतकीय वादकांना मिळाली. ध्वनिमुद्रिकेतून स्वर ऐकू येतो, परंतु श्वास कोठे घेतला, ओठ कसे धरले, म्यूट कोणता लावला हे दिसत नाही. ते ज्ञान शेजारच्या खुर्चीवरूनच मिळते.

चिक चॉकलेट यांनी आर्मस्ट्राँग यांचा आदर्श उघडपणे स्वीकारला. वादनाची धाटणी, गाताना खरखरीत होणारा आवाज, मंचावरील मोकळे वावरणे या सर्वांत तो दिसे. वाझ हे पोर्तुगीज वळणाचे आडनाव मागे ठेवून त्यांनी घेतलेले व्यावसायिक नावही याच संदर्भात पाहिले पाहिजे. ज्या नृत्यगृहांत गोरा प्रेक्षकवर्ग प्रमुख होता, तेथे एका सावळ्या गोमंतकीय वादकाने आपल्या वर्णाचा उल्लेख करणारे नाव मिरवावे, यात कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंतांच्या परंपरेशी नाते सांगण्याचा भाग होता व बाजारपेठेचे भानही होते. त्यांपैकी एकच हेतू खरा मानणे हे एकांगीपणाचे ठरेल. ‘चिक अँड द म्यूझिक मेकर्स’ हे त्यांचे पथक १९४० च्या दशकात मुंबईतील अग्रगण्य पथकांपैकी एक झाले व त्याच्या ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या.

४. गोव्यातील शाळा आणि स्वरलिपी

अनुकरणाची कुवत ही आपोआप येत नाही. तिच्यामागे शिक्षणाची दीर्घ परंपरा होती. गोव्यात सोळाव्या शतकापासून चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरवाचन शिकविले जाई. पाश्चात्त्य स्वरलिपी डोळ्यांनी वाचून गळ्याने गाणे व मग व्हायोलिन अथवा एखादे सुषिर वाद्य हाती घेणे असा तेथील क्रम होता. ‘मेस्त्री’ या नावाने ओळखला जाणारा गुरू गावाच्या प्रार्थनासंगीताची व सणासमारंभांच्या वाद्यपथकाची जबाबदारी वाही. हे शिक्षण धर्मकार्यासाठी होते. परंतु शिकलेली विद्या धर्मकार्यापुरती मर्यादित राहिली नाही. शेतीचे उत्पन्न तुटपुंजे व गोव्यातील रोजगार अत्यल्प असल्याने हे विद्यार्थी ब्रिटिश हिंदुस्थानात आले आणि लष्करी व पोलीस बँड, संस्थानिकांचे वाद्यवृंद, मूकपटांची चित्रगृहे, जहाजे व हॉटेले यांतून नोकऱ्या करू लागले.

मुंबईतील गोमंतकीयांच्या स्वतःच्या करमणुकीतही ट्रम्पेटला स्थान मिळाले. १८९२ मध्ये मुंबईतच सुरू झालेल्या कोकणी ‘तियात्र’ या नाट्यप्रकारात ‘कांतार’ या गीतांच्या साथीस पितळी वाद्ये अपरिहार्य ठरली. म्हणजेच चिक यांच्या पिढीच्या वादकाजवळ तीन भाषा होत्या: चर्चची लिखित, तियात्राची लोकाभिमुख आणि जॅझची उत्स्फूर्त. या तिन्हींत एकाच वेळी वावरण्याची सवय असलेला वादक चित्रपटगीताच्या चौथ्या भाषेत सहज प्रवेश करू शकला, यात आश्चर्य नाही.

५. नृत्यगृहातून चित्रशाळेत

हे स्थित्यंतर केवळ कलात्मक आवडीमुळे घडले नाही. १९४७ नंतर ब्रिटिश अधिकारी व व्यापारी परतले. संस्थानांचे विलीनीकरण झाल्याने दरबारी वाद्यवृंद मोडले. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने हॉटेलांच्या रात्रीच्या उत्पन्नास धक्का दिला. नृत्यगृहे बंद पडली नाहीत. मिकी कोरिया यांचे पथक ताजमध्ये १९६० पर्यंत वाजत होते. तथापि केवळ हॉटेलावर घर चालविणे अनेकांना कठीण झाले. त्याच काळात हिंदी चित्रपटाची वाढ होत होती व त्याला मोठे वाद्यवृंद हवे होते.

चित्रपटव्यवसायाचा मोठा भाग तेव्हा उपनगरांत होता. हिमांशू राय यांनी १९३४ मध्ये बॉम्बे टॉकीजची स्थापना केली व तिची चित्रशाळा मालाड येथे उभी राहिली. १९४३ मध्ये तीतून बाहेर पडलेल्या शशधर मुखर्जी, रायबहादूर चुनीलाल, अशोककुमार प्रभृतींनी गोरेगाव येथे फिल्मिस्तान ही संस्था काढली. चेंबूर येथे भगवान पालव यांची जागृती चित्रशाळा होती. बृहन्मुंबईची सीमा दहिसर व मुलुंडपर्यंत १९५७ मध्ये नेण्यात आली. तोपर्यंत गोरेगाव व मालाड नगरपालिकेच्या हद्दीबाहेरच होते. मोकळी व स्वस्त जमीन, शहरी गोंगाटापासून अंतर आणि तरीही रेल्वेची सोय या तीन कारणांनी चित्रशाळा तेथे गेल्या. कुलाबा ते बोरिवली ही विजेची गाडी १९२८ मध्येच सुरू झाली होती. रात्री किनाऱ्यावरच्या नृत्यगृहात व दिवसा चित्रपटाच्या कामावर असा दुहेरी दिनक्रम या रेल्वेमुळेच शक्य झाला. मुंबईच्या संगीताचा इतिहास लिहिताना लोहमार्गाचा हा वाटा विसरून चालणार नाही.

६. सी. रामचंद्र यांचे सहकार्य

या व्यवस्थेत चिक चॉकलेट यांचा सर्वांत फलदायी संबंध आला तो सी. रामचंद्र यांच्याशी. रामचंद्र नरहर चितळकर (१९१८–१९८२) हे अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे. त्यांचे आरंभीचे शिक्षण नागपुरात शंकरराव सप्रे व पुण्यात विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे झाले. शास्त्रोक्त पाया असलेला हा संगीतकार विदेशी तालवैचित्र्याकडे आकृष्ट झाला. फिल्मिस्तानच्या ‘शहनाई’ (१९४७) या चित्रपटातील त्यांच्या गीतांनी हा कल प्रथम लोकप्रिय केला. पुढे फिल्मिस्तानच्याच ‘समाधी’ (१९५०) मधील ‘गोरे गोरे’ या गीतात लॅटिन अमेरिकन नृत्यलय अवतरली. त्या चालीचे मूळ १९४० च्या दशकात गाजलेल्या एका हॉलिवूड गीतात होते. चिक चॉकलेट हे या काळात रामचंद्रांचे साहाय्यक होते.

या सहकार्याचा कळस ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटात झाला. त्याचे निर्माते, दिग्दर्शक व नायक भगवान पालव हे गिरणगावच्या वातावरणात वाढलेले. संगीतकार पुणतांब्याचा मराठी ब्राह्मण. ट्रम्पेटवादक बारदेशचा ख्रिस्ती. या तिघांच्या योगाने जे नृत्यसंगीत निर्माण झाले ते कोणत्याही एका परंपरेचे नव्हते. ‘शोला जो भडके’ या गीतातील लय कॅरिबियन वळणाची असली तरी चालीची वळणे मराठी कानाला ओळखीची आहेत आणि भगवान यांचे पदन्यास तर गणेशोत्सवाच्या मिरवणुकीपर्यंत पोहोचले. याच चित्रपटातील एका नृत्यगीतात चिक चॉकलेट आपल्या पथकासह पडद्यावर दिसतात. वादकाचे अस्तित्व साधारणपणे पडद्यामागे राहण्याच्या त्या काळात हा अपवाद लक्षणीय होय.

‘आशा’ (१९५७) मधील ‘ईना मीना डिका’ हे गीत या मार्गाचा पुढचा टप्पा दाखविते. त्यातील निरर्थक शब्दावलीत जॉन गोम्स या गोमंतकीय साहाय्यकाने कोकणीचा एक तुकडा घातला, अशी आठवण सांगितली जाते. तिचा आशय असा की वाद्यवृंदातील माणसे केवळ हुकमाप्रमाणे स्वर काढीत नव्हती. त्यांची भाषा व विनोदबुद्धीही गीतात शिरत होती.

७. आठ मात्रांची कला

चित्रपटगीतात जॅझ वादकाच्या कलेचे नेमके काय झाले, याचा विचार तांत्रिक अंगाने करणे आवश्यक आहे. जॅझमध्ये एकल वादक गीताच्या स्वरसंगतीच्या चौकटीवर आवर्तनामागून आवर्तन उत्स्फूर्त रचना करीत जातो. रागविस्ताराप्रमाणेच तेथे वेळ हा वादकाचा मित्र असतो. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम सव्वातीन मिनिटे मिळत. त्यात मुखडा, दोन-तीन अंतरे व गायकाचे प्राधान्य एवढे सांभाळल्यावर वाद्यासाठी उरत ते अंतऱ्यांमधील तुकडे, म्हणजे चार किंवा आठ मात्रागटांचा अवकाश. शिवाय तो तुकडा प्रत्येक तालमीत तसाच यावा लागे, कारण त्यावर पुढे नृत्याचे चित्रण व्हावयाचे असे. उत्स्फूर्ततेला तेथे वाव नव्हता. जे क्षणात सुचले ते लिहून ठेवावे लागे आणि लिहिलेले पुन्हा सुचल्यासारखे वाजवावे लागे.

दुसरी अडचण ध्वनिमुद्रणाची. मोजक्या ध्वनिग्राहकांसमोर गायक व सर्व वादक एकाच वेळी मुद्रित होत. ट्रम्पेट हे वृंदातील सर्वांत प्रखर वाद्य. गायिकेचा कोमल स्वर त्याखाली दबू नये म्हणून वादकास ध्वनिग्राहकापासून दूर उभे करावे लागे किंवा म्यूट लावावा लागे. त्यामुळे त्या काळच्या गीतांत ट्रम्पेटचा नाद किंचित दुरून, एखाद्या शेजारच्या दालनातून आल्यासारखा ऐकू येतो. हा नाद आज आपण त्या युगाची खूण म्हणून ओळखतो. प्रत्यक्षात तो यंत्राच्या मर्यादेतून जन्मलेला आहे.

या बंधनांमुळे कलेचा ऱ्हास झाला, असे एक मत असू शकते आणि ते निराधार म्हणता येणार नाही. ज्या वादकाला दहा मिनिटांचे कथन करता येत होते त्याच्याकडून आठ मात्रांचे उद्गार घेतले गेले. परंतु याची दुसरी बाजूही आहे. दीर्घ एकल वादन ऐकणारा वर्ग नृत्यगृहापुरता होता. आठ मात्रांचा तुकडा रेडिओ सिलोनमार्फत देशभर गेला. ज्यांनी जॅझ हा शब्दही ऐकला नव्हता, त्यांच्या स्मरणात ट्रम्पेटची ती झेप कोरली गेली. गीत आठवताना मुखड्याच्या आधीचा वाद्यांचा तुकडा तोंडाने म्हणून दाखविणारा श्रोता हाच या कलेचा खरा वारस होय.

चिक यांची कुवत केवळ नृत्यगीतापुरती नव्हती, याचा पुरावा त्यांच्या स्वतंत्र संगीतदिग्दर्शनात मिळतो. ‘नादान’ (१९५१) व ‘रंगीली’ (१९५२) या चित्रपटांना त्यांनी संगीत दिले. ‘कर भला’ (१९५६) मध्ये निसार बझ्मी यांच्यासमवेत त्यांचे नाव आहे. ‘नादान’मधील तलत महमूद यांनी गायलेले ‘आ तेरी तसवीर बना लूँ’ हे गीत ऐकल्यास त्यात नृत्यगृहाचा मागमूस नाही. शब्दाला जपणारी, संथ व गझलेच्या अंगाने जाणारी ती चाल आहे. ‘भारताचे आर्मस्ट्राँग’ या बिरुदात हा संगीतकार मावत नाही. मदनमोहन यांच्याकडेही त्यांनी साहाय्यक म्हणून काम केले, ही गोष्ट या संदर्भात अर्थपूर्ण ठरते. कारण मदनमोहन यांचा गझलेकडील ओढा सर्वश्रुत आहे.

८. श्रेयाचा प्रश्न

आता मूळ वादस्थळाकडे वळावयाचे. चित्रपटगीताचे कर्तृत्व कोणाचे? तबकडीवर गायक, गीतकार व संगीतदिग्दर्शक यांची नावे छापली जात. संगीतदिग्दर्शक बहुधा पेटीवर चाल बसवी. तिला पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरविणे, स्वरसंगती योजणे, कोणत्या वाद्याने कोठे काय वाजवावे हे ठरविणे आणि मधले तुकडे रचणे हे काम ‘अरेंजर’ व साहाय्यक करीत. अँथनी गोन्साल्विस, सबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट ही या क्षेत्रातील ठळक नावे होत. त्यांपैकी बहुतेकांचे नाव श्रेयनामावलीत ‘साहाय्यक’ म्हणून आले किंवा आलेच नाही.

यावरून संगीतदिग्दर्शकांनी गोमंतकीयांचे श्रेय हिरावले, असा सरळ निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. चालीशिवाय रचनेला अर्थ नाही आणि सी. रामचंद्रांच्या चालींचे सामर्थ्य त्यांच्या वाद्यविरहित गायनातही टिकते. उलट ‘वाद्ये म्हणजे केवळ अलंकार’ हे मतही स्वीकारता येत नाही. ‘गोरे गोरे’ मधून लयवाद्ये व पितळी वाद्ये काढून घेतल्यास जे उरेल त्याला कोणी तेच गीत म्हणणार नाही. येथे कर्तृत्व सामूहिक आहे. परंतु त्याची नोंद एकवचनी झाली. मौखिक परंपरेतून आलेला दिग्दर्शक आणि लेखी परंपरेतून आलेला अरेंजर या दोघांत गंमत अशी की लेखी परंपरेचाच माणूस इतिहासाच्या लेखनातून वगळला गेला. त्याने लिहिलेले कागद ध्वनिमुद्रण संपताच निरुपयोगी मानले जात. जपली गेली ती तबकडी.

या अन्यायाची जाणीव वादकांनाही होती. फ्रँक फर्नांड यांनी भारतीय संगीतावर आधारलेल्या जॅझचे स्वप्न पाहिले व पुढे ‘आमचे नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६) हे कोकणी चित्रपट निर्माण केले. अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये भारतीय रागांवर आधारित रचनांसाठी स्वतःचा वाद्यवृंद उभारून सेंट झेवियर महाविद्यालयाच्या प्रांगणात कार्यक्रम केला. चिक यांनी अशी जाहीर भूमिका घेतल्याचे दिसत नाही. त्यांचा मार्ग रंगमंच व चित्रशाळा यांच्यातच राहिला. परंतु सर्वांचा प्रयत्न एकाच दिशेने होता: साहाय्यकाच्या खुर्चीवरून उठून स्वतःच्या नावाने उभे राहण्याचा.

९. उपनगरांतील अनुबंध

चिक यांच्या वाद्याचा वारसा उपनगरांत एका वेगळ्या वाटेनेही दिसतो. साष्टी बेटावरील मूळचा ख्रिस्ती समाज, ज्याने १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले, तो वांद्रे, अंधेरी, मरोळ, कुर्ला, गोराई येथील गावठाणांत वसलेला आहे. त्याची बोली मराठीचीच आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीवरून ‘उंबराचे पाणी’ आणण्याच्या मिरवणुकीत पितळी वाद्यांचा ताफा पुढे चालतो. याच ताफ्यातून लोकगीत, चर्चमधील स्तोत्राची चाल आणि चित्रपटातील नृत्यगीत एकामागून एक वाजतात. नृत्यगृहातून चित्रशाळेत व चित्रशाळेतून तबकडीवर गेलेला सूर गावठाणाच्या अंगणात परत येतो, तेव्हा त्याचे वर्तुळ पूर्ण होते. हिंदूंच्या वरातीतील बँडच्या बाबतीतही हीच गोष्ट म्हणता येईल. तेथे ट्रम्पेट वाजविणाऱ्याने आर्मस्ट्राँग यांचे नाव ऐकलेले असेलच असे नाही. त्याने ‘अलबेला’ मात्र ऐकलेला असतो.

व्यावसायिक वादनाच्या क्षेत्रात ही परंपरा पुढील पिढीने वेगवेगळ्या दिशांनी नेली. मडगावचे ख्रिस पेरी (१९२८–२००२) यांनी ट्रम्पेट व सॅक्सोफोन यांच्या योगाने कोकणी गीताला जॅझची घडण दिली. लोर्ना कोर्देरो यांच्या आवाजातील त्यांची गीते २०१४ च्या ‘नाचुंया कुंपासार’ या कोकणी चित्रपटाने नव्या श्रोत्यांपुढे आली. सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांनी रागसंगीत व जॅझ यांचा मेळ घालण्याचे प्रयोग केले. त्यांचा विवाह चिक यांच्या गायिका कन्या इव्हॉन यांच्याशी झाला, म्हणजे येथे वारसा रक्ताच्या नात्यानेही चालला. चित्रपटसंगीतात मात्र १९८० च्या दशकानंतर विद्युत् यंत्रांनी पितळी वाद्यांची जागा मोठ्या प्रमाणावर घेतली आणि एका वेळी पन्नास-साठ वादक बसविणारी ध्वनिमुद्रणाची पद्धती लोपली.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, चिक चॉकलेट यांचे आर्मस्ट्राँगशी असलेले साम्य हे त्यांच्या कार्याचे आरंभस्थान आहे, मूल्यमापन नव्हे. गोव्याच्या चर्चशाळेतील स्वरलिपी, मुंबईच्या नृत्यगृहातील उत्स्फूर्तता आणि उपनगरी चित्रशाळेची शिस्त या तिन्हींचा संगम त्यांच्या वादनात झाला. आर्मस्ट्राँग यांना यांतील तिसऱ्या परिस्थितीला तशा रीतीने तोंड द्यावे लागले नव्हते. दुसरी, मुंबईतील जॅझचा अंत झाला असे म्हणण्यापेक्षा त्याचे स्थलांतर झाले असे म्हणणे अधिक यथार्थ होय. तो दक्षिणेकडून उत्तरेकडे, हॉटेलातून चित्रशाळेत, रात्रीतून दिवसात गेला आणि जाताना त्याने आपले नाव मागे ठेवले. तिसरी, या इतिहासाचे प्रमुख साधन लिखित कागद नसून ध्वनिमुद्रण हेच आहे. श्रेयनामावली जेथे मौन पाळते, तेथे नळीतून आलेला स्वर साक्ष देतो: अखेरचा कंप, अर्ध्या दट्ट्याची घसरण, म्यूटमधून आलेला दबका उद्गार ही हस्ताक्षराइतकीच ओळख पटविणारी चिन्हे आहेत.

शिलालेख व ताम्रपट वाचण्यास अभ्यासक जसा लिपी शिकतो, तसे ही चिन्हे वाचण्यास कान तयार करावा लागेल. चित्रपटगीताचा अभ्यास आजवर प्रामुख्याने शब्द व राग यांच्या अंगाने झाला आहे. वाद्यमेळाच्या अंगाने तो झाल्यास आठ मात्रांच्या त्या तुकड्यांमागील माणसे ओळखता येतील व मराठी, कोकणी आणि अमेरिकन संगीताच्या ज्या संगमाने विसाव्या शतकातील मुंबईचा सूर घडला, त्याची नोंद अनेकवचनात करता येईल.